केवीन हे फ्रेंच नाव आहे

फ्रान्समधल्या एखाद्या शाळेत हजेरी घेताना शिक्षक ‘केवीन’ असं पुकारतात. ‘वी’ दीर्घ, जोर शेवटाकडे. मुलगा हात वर करतो आणि विषय तिथंच संपायला हवा. पण तो संपत नाही. आपलं इंग्रजी चांगलं आहे असा ज्यांचा समज असतो, अशी मंडळी मग सांगू लागतात की हा उच्चार गावंढळ आहे. मूळ नाव ‘केविन’, आघात पहिल्या अक्षरावर, पुढचं सगळं घाईत उरकायचं. इंग्रजी बोलणाऱ्या जगातही हाच सूर असतो. मायकलचं ‘मिकाएल’, डेव्हिडचं ‘दाविद’, हॅरीचं ‘आरी’ आणि जॉर्डनचं ‘झोर्दान’ करणारे फ्रेंच लोक एक तर आळशी किंवा उद्धट, असं तिथं सहज बोललं जातं. मला हे अजिबात पटत नाही. फ्रेंच बोलणाऱ्या आईबापांच्या पोटी आमियाँत जन्मलेल्या मुलाचं नाव केवीनच आहे. त्याला केविन म्हणणं ही चूक.

हे नाव फ्रान्समध्ये कसं आलं ते आधी पाहू. १ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्सनं नावांचा कायदा केला. क्रांतीच्या पंचांगात ही तारीख ‘११ जेर्मिनाल, वर्ष ११’ अशी येते. मुलाचं नाव कॅलेंडरातलं तरी हवं, नाही तर प्राचीन इतिहासातल्या नामांकित व्यक्तीचं तरी. नगरपालिकेतल्या नोंदणी अधिकाऱ्याच्या मनाला आलं नाही, तर तो नाव नाकारू शकत असे. ब्रिटनी प्रांतातल्या एका कुटुंबानं मुलांना ब्रेतॉन भाषेतली नावं ठेवली, तर त्या मुलांना वर्षानुवर्षं नागरी नोंदच मिळाली नाही. ही लढाई १९५० आणि ६०च्या दशकांत बराच काळ चालली. १९६६मध्ये सरकारनं सूचना काढून लगाम थोडा सैल केला. प्रादेशिक, परदेशी आणि लाडाची नावं काही प्रमाणात चालतील असं ठरलं. पूर्ण मोकळीक मिळाली ती ८ जानेवारी १९९३च्या कायद्यानं. आता नाव आईबाप ठरवतात आणि अधिकारी ते लिहून घेतो. मुलाचं अहित होईल असं त्याला वाटलं तर तो सरकारी वकिलाला कळवतो आणि प्रकरण न्यायालयात जातं. वालाँसिएनच्या न्यायालयानं असंच एका मुलीचं ‘नुटेला’ हे नाव रद्द करून ‘एला’ करायला लावलं होतं. तिथं मी न्यायालयाच्या बाजूनं आहे.

केवीन मात्र कायद्यासाठी थांबला नाही. १९८९ ते १९९४ ही सलग सहा वर्षं फ्रान्समध्ये मुलग्यांसाठी सर्वाधिक ठेवलं गेलेलं नाव केवीन होतं. एकट्या १९९१ साली १४ हजारांहून जास्त बाळांना ते मिळालं. याचं श्रेय बरेच जण अभिनेता केविन कॉस्नरला देतात. त्याचा लाटेला हातभार लागला असेल, पण तो फ्रान्समध्ये घराघरांत माहीत झाला तेव्हा हे नाव आधीच पहिल्या क्रमांकावर बसलेलं होतं. मूळ नाव आयरिश. फ्रान्समध्ये ते रुजलं ते कामगार आणि साध्या नोकरदारांच्या घरांत. त्याच्या मागोमाग जॉर्डन, स्टीवन, डिलन, ब्रँडन आले. यातली पुष्कळ नावं अमेरिकन मालिकांमधून आली आणि त्या मालिका फ्रेंच टीव्हीवर डब होऊन लागत. म्हणजे बेव्हर्ली हिल्सचा डिलन फ्रेंच दिवाणखान्यात शिरला तो फ्रेंच डबिंग कलाकाराच्या तोंडून, ‘दिलान’ होऊन. आईबापांनी जे ऐकलं ते आवडलं आणि तेच ठेवलं. त्यांनी इंग्रजी नाव ऐकून त्याचा चुकीचा उच्चार केला असं नाही. त्यांनी ऐकलं तेच मुळी फ्रेंच होतं.

लिहिण्यातही त्यांनी ते आपलंसं केलं. केवीनच्या रोमन ‘ई’वर तिरकी रेघ चढली. स्टीव वाचताना फ्रेंच माणूस अडखळू नये म्हणून कुणी त्यात दोन ‘ई’ घातले. मायकलची तर नाना रूपं झाली. विम्याच्या कचेरीत फोनवर नाव सांगणाऱ्या फ्रेंच मिकाएलला कान द्यावा: ‘एम, आय, सी... हो, सीच्या पुढे के आहे... नाही, एच नाही... ए, आणि ईवर दोन टिंबं.’ पलीकडचा लिहून घेतो, वाचून दाखवतो, टिंबं हरवलेली असतात. पुन्हा पहिल्यापासून. ज्या माणसानं आयुष्यभर आपल्या नावातल्या त्या दोन टिंबांची राखण केली, त्याला ‘तुझं खरं नाव मायकल’ असं कोण सांगणार?

आता जिभेचं काय जमतं आणि काय जमत नाही ते बघू, कारण ‘फ्रेंचांना येतच नाही’ आणि ‘फ्रेंच मुद्दाम करत नाहीत’ या दोन्ही गोष्टी सरसकट खऱ्या नाहीत. फ्रेंचमध्ये ‘ह’ लिहितात पण म्हणत नाहीत, म्हणून हॅरीचा आरी होतो. इंग्रजी ‘थ’ त्यांच्याकडे नाही, म्हणून हेदर नावाच्या बाईनं पॅरिसमध्ये घर घेताना मनाची तयारी ठेवावी. आघात जवळजवळ नेहमी शेवटच्या अक्षरावर जातो आणि आखूड ‘इ’ नसल्यामुळे ती लांबते. हे सगळं लहानपणीच तोंडात बसलेलं असतं. त्याबद्दल कुणाला बोल लावणं म्हणजे कोल्हापूरकराच्या मराठीत पुणेरी हेल नाही म्हणून रुसणं.

पण ‘ज’चं तसं नाही. रोमन ‘जे’ला फ्रेंच वाचतो तो मऊ, घासत जाणारा ध्वनी. (वर मी ‘झोर्दान’ लिहिलं खरं, पण तो ध्वनी आपल्या ‘झ’मध्येही नाही, देवनागरीनं इथं आपल्यापुरती सोय करून घेतली आहे.) तरीही कडक ‘ज’ त्यांना व्यवस्थित येतो. जिबूती हा देश त्यांच्याच वसाहतीतला आणि त्याच्या फ्रेंच स्पेलिंगमध्ये ‘जे’च्या आधी ‘डी’ घातलेला आहे. अल्जीरियातली जमीला, जमाल ही नावं फ्रेंचांनी कानानं ऐकली म्हणून त्यांनाही ‘डी’ मिळाला आणि उच्चार टिकला. इंग्रजी नावं कागदावरून आली तिथं ‘जे’ बघून जीभ घसरली. आणि सगळ्यात मोठा पुरावा जॉनी आलिदे. जाँ-फिलिप स्मेत नावाचा १९४३ साली जन्मलेला हा गायक ‘जॉनी हॅलिडे’ झाला आणि पुढं साठेक वर्षं सगळा फ्रान्स त्याला जॉनीच म्हणत राहिला, कडक ‘ज’नं. आडनावातला ‘ह’ मात्र पहिल्याच दिवशी गळाला. याच पिढीत क्लोद म्वान ‘एडी मिचेल’ झाला. ही इंग्रजी नावं फ्रेंच माणसांनी फ्रेंच श्रोत्यांसाठी घेतली होती. त्यांचा प्रमाण उच्चार लंडनमध्ये शोधायला जाणं मला तरी हास्यास्पद वाटतं.

म्हणून माझा नियम असा. नाव ज्या भाषेच्या वाक्यात येतं त्या भाषेच्या चालीनं ते बोललं जाईल. नावाच्या धन्यानं काही वेगळं मागितलं, तर त्या भाषेला जेवढं पेलतं तेवढं त्याला द्यावं. लियाँच्या कचेरीत कामाला आलेल्या इंग्रज जॉननं ‘मला कडक ज हवा’ म्हटलं, तर ‘आमच्याकडे असंच असतं’ हे उत्तर उद्धटपणाचं, कारण आमच्याकडे जॉनी आहे. पण त्याच कचेरीत हॅरीनं ‘ह’साठी हट्ट धरला, तर समजुतीनं त्यालाच घ्यावं लागेल.

यावर आक्षेप येतो तो गंभीर आहे. नाव ही माणसाची ओळख. ते मोडून घेण्याचा अधिकार कुणालाच नाही. मला हे मान्य आहे, म्हणूनच मोडणं कशाला म्हणायचं ते नीट ठरवलं पाहिजे. २०१८ साली एका टीव्ही कार्यक्रमाच्या चित्रीकरणात कडव्या उजव्या विचारांचे लेखक एरिक झेमूर यांनी हाप्सातू सी या फ्रेंच निवेदिकेला तोंडावर सांगितलं की तिचं नाव हा फ्रान्सचा अपमान आहे आणि तिच्या आईनं तिचं नाव कोरीन ठेवायला हवं होतं. पुढं राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवताना त्यांनी १८०३चा तो कायदा परत आणण्याची भाषा केली. हे मोडणं. हाप्सातूला ‘आप्सातू’ म्हणणारा शेजारी तिचं नाव घेतो आहे. तिला कोरीन म्हणणारा ते काढून घेतो आहे. पहिल्यात जिभेची मर्यादा आहे, दुसऱ्यात हुकूम आहे. उच्चारावरून रागावणारे लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात, आणि त्यात झेमूरसारख्यांचंच फावतं. फ्रेंच राज्यानं स्वतः हा हुकूम नाही तरी आग्रह चालवलाच होता: २५ ऑक्टोबर १९७२च्या कायद्यानुसार नागरिकत्व घेणाऱ्याला आपलं नाव फ्रेंच करून घेता येतं. ऐच्छिक आहे हे खरं. पण अर्जाच्या टेबलासमोर बसलेल्या परक्या माणसाला ‘ऐच्छिक’ किती ऐच्छिक वाटत असेल?

जुन्या काळी हे सरसकट चालायचं. एडिंबरोचा जॉन लॉ पॅरिसला आला, १७१६मध्ये त्यानं बँक काढली, १७२०मध्ये फ्रान्सचा अर्थकारभार हातात घेतला आणि त्याच वर्षी सगळ्या देशाला बुडवलं. फ्रेंच त्याला ‘जाँ’ म्हणत आणि त्याच्या आडनावाचा उच्चार करत ‘लास’. त्याचा पुतण्या पाँडिचेरीचा गव्हर्नर झाला. त्याचंही नाव जाँ लॉ, म्हणजे लासच. त्या घरातला एक मुलगा १७६८ साली पाँडिचेरीत जन्मला आणि पुढं फ्रान्सचा मार्शल झाला. १८७३ ते १८७९ या काळातले राष्ट्राध्यक्ष माक-माओं यांचं घराणं मुळात आयरिश मॅकमहॉन. आज कुणी जाऊन ‘तुमचा उच्चार चुकला’ असं सांगू लागलं तर ती माणसं कीव करतील. तो उच्चार आता त्यांचा आहे. केवीनला मात्र हा हक्क अजून मिळालेला नाही, आणि त्याचं कारण उच्चारशास्त्रात नाही.

कारण वर्ग आहे. शतकअखेरीस केवीन हा विनोदाचा विषय झाला. चुकीचं स्पेलिंग करणारा, इंटरनेटवर खेळताना आरडाओरडा करणारा पोरगा म्हणजे ‘एक केवीन’. शेजारच्या जर्मनीतही त्याचे हेच हाल झाले. तिथल्या एका अभ्यासात कुणा शिक्षिकेनं ‘केविन हे नाव नाही, निदान आहे’ असं म्हटल्याचं गाजलं होतं. समाजशास्त्रज्ञ बाप्तिस्त कुलमाँ यांनी फ्रान्सच्या बाकालोरेआ या शालान्त परीक्षेतले विशेष प्रावीण्याचे निकाल नावांनुसार मांडून दाखवले. त्यात मादलेन, जोझेफीन वर असतात आणि केवीन, स्टीवन, जॉर्डन खाली. नाव नशीब ठरवत नाही. नावामागं आईबापांची नोकरी, शिक्षण आणि पत्ता उभा असतो, एवढंच तो तक्ता सांगतो. पण हसणाऱ्यांना तेवढं पुरतं. उच्चारावरची टीकाही याच हसण्यातून येते असं माझं मत आहे. केविन असं ‘शुद्ध’ इंग्रजी म्हणून दाखवणारा माणूस केवीनच्या आईला सांगत असतो, बाई, तुला नाव ठेवायचं होतं पण घेता येत नाही.

आणि बघा, शुद्ध उच्चाराचा हा आग्रह पाणी वर चढल्यासारखा एकाच दिशेनं जातो. पॅरिसच्या कचेरीत ब्रिटिश साहेब ह्यू येणार म्हटलं की माणसं आदल्या दिवशी ओठ गोल करून तालीम करतात. न्गुयेन आडनावाची व्हिएतनामी माणसं मात्र फ्रान्समध्ये इतकी आहेत, इतक्या पिढ्या आहेत, तरी त्यांच्या पहिल्या अक्षराशी झटापट करायला सहसा कुणी बसत नाही. इंग्रजी नाव नीट घेणं हे शिकलेपणाचं लक्षण, व्हिएतनामी नाव नीट घेणं ही हौस. असा सोयीचा आदर मला नको. त्यापेक्षा सगळ्यांचीच नावं सारखी फ्रेंच करणारा पोस्टमन बरा.

दरम्यान केवीन मोठे झाले. २०२२च्या निवडणुकीनंतर फ्रेंच संसदेत केवीन नावाचे दोन खासदार बसले, दोघेही मारीन ल पेन यांच्या पक्षाचे. त्याच वर्षी त्या पक्षाचा अध्यक्ष झाला झोर्दान बार्देला, जन्म १९९५. २०१४मध्ये एनँ-बोमाँचे महापौर झालेले त्यांचे सहकारी म्हणजे स्टीव ब्रिवा, तेच दोन ‘ई’वाले. फ्रेंचपणाचा सर्वांत मोठा गजर करणारा पक्ष, आणि नावं आयरिश-अमेरिकन! या पक्षाशी माझं काहीएक जुळत नाही. पण या विसंगतीवर खदखदून हसणारे पॅरिसचे शहाणे एक विसरतात. या नावांवर तीस वर्षं हसून त्या मतदारांना दुरावणारे तेच होते.

परदेशातून आलेल्यांचं काय, तर मला जेन बर्किनचं उदाहरण सगळ्यात सुसंस्कृत वाटतं. लंडनमध्ये जन्मलेली ही गायिका-अभिनेत्री पन्नासहून जास्त वर्षं फ्रान्समध्ये राहिली आणि २०२३ साली पॅरिसलाच वारली. तिचं फ्रेंच शेवटपर्यंत इंग्रजी वळणाचं राहिलं, पुल्लिंग-स्त्रीलिंगाची सरमिसळ सुरूच असे, आणि फ्रेंचांना ते फार आवडे. त्यांनी तिला ‘बिरकीन’ म्हटलं, घशातल्या ‘र’सकट. तिनं त्यांची व्याकरणं मोडली, त्यांनी तिचे स्वर मोडले, हिशेब चुकता. बास्केटबॉलपटू टोनी पार्करचं वेगळं. वडील अमेरिकन, जन्म बेल्जियममध्ये, वाढला फ्रान्समध्ये, २००१पासून खेळला टेक्सासच्या सॅन अँटोनिओत. अमेरिकन निवेदक एक नाव घेई, फ्रेंच निवेदक दुसरं, आणि तो दोन्हींना ओ देई. कोणतं खरं, असा प्रश्न त्याला कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात मात्र हा प्रश्न विचारतात, आणि तिथं त्याला धार आहे. भोवती इंग्रजीचा समुद्र असल्यामुळे तिथल्या फ्रेंच माणसाला इंग्रजी उच्चार मुळातच जवळचे. पॅरिसवाल्याचा ‘मिकाएल जॅक्सन’ ऐकून माँट्रियलमध्ये हसू फुटतं. पण नाव कोणत्या बाजूचं, याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. जस्टिन ट्रूडो फ्रेंचमध्ये ‘झ्युस्तँ त्र्युदो’ होतात, शेवटचा ‘न’ नाकात विरतो. टॉम मुल्केर हे २०१२ ते २०१७ या काळातले न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते इंग्रजी सभेत टॉम असत आणि फ्रेंच सभेत तोमा. दोन भाषांत जगणाऱ्याची ही साधी सवय आहे, तिला दुटप्पीपणा म्हणू नये. जाँ शारे यांच्या बाबतीत नेमकं तेच झालं. त्यांची आई आयरिश वंशाची आणि जन्मनोंदीत नाव ‘जॉन जेम्स’. क्वेबेक वेगळा काढू पाहणाऱ्या विरोधकांनी १९९८च्या निवडणुकीच्या सुमारास हे नाव मुद्दाम उच्चारून दाखवलं: बघा, हा खरा कोण आहे! शारे ती निवडणूक हरले, तरी २००३ ते २०१२ याच प्रांताचे मुख्यमंत्री राहिले. कागदावरचं नाव ‘खरं’ आणि माणूस स्वतःसाठी वापरतो ते ‘खोटं’, हा तर्क झेमूर यांच्यापेक्षा फार वेगळा नाही. माझा नियम इथंही लागू: धनी म्हणतो जाँ, तर जाँ.

आपल्याला यात परकं वाटण्यासारखं काही नाही. गोव्यातल्या बस्त्यांवला लिस्बनचा उच्चार शिकवायला कुणी जात नाही. ते नाव चारशे-पाचशे वर्षं कोंकणी आहे. पेशवाई बुडवणाऱ्या एल्फिन्स्टनला आपण अल्पिष्टन केलं आणि तेवढ्यापुरता तरी सूड घेतला. आणि इंग्रजीवाल्यांनी फ्रेंचांना उपदेश करण्याआधी आपल्या गावी जाँ नावाच्या पुरुषाला ‘जीन’ म्हणून किती वेळा बाईच्या रांगेत उभं केलं, ते आठवावं.

फ्रान्समध्ये शिकायला, नोकरीला जाणाऱ्या मराठी मुलांना माझा सल्ला याच अंगानं आहे. अभिजितचं रोमन स्पेलिंग बघून फ्रेंच माणूस ‘आबिझी’ म्हणेल, कारण शेवटचा ‘टी’ त्याच्या लेखी मुका. तिथं गप्प बसू नये. पहिल्याच भेटीत ‘ज’ कडक करून, शेवटचा ‘त’ वाजवून नाव सांगावं, हवं तर जिबूतीची आठवण द्यावी. एवढं त्या तोंडाला जमतं आणि सांगितलं तर माणसं करतातही. ‘भ’चा आग्रह सोडावा. हर्षदचं मात्र कठीण आहे. लियाँत असेपर्यंत त्याला अर्शाद व्हावं लागेल. त्यानं वाईट वाटून घेऊ नये. ज्या लेखकाला फ्रेंच लोक विक्तोर उगो म्हणतात, त्याला आपण सगळे दीडशे वर्षं व्हिक्टर ह्यूगोच म्हणत आलो आहोत.